टेक्नो नेमकं कुणाचं?

१. दोन प्रश्न, हमखास विचारले जाणारे

इलेक्ट्रॉनिक संगीताचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "टेक्नो म्हणजे ते जर्मन लोकांचं धाडधाड संगीत ना?" विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. बर्लिनच्या क्लबांत शनिवारी रात्री शिरलेली माणसं सोमवारी सकाळी बाहेर पडतात, अशा कहाण्या त्याच्या कानावर आलेल्या असतात. त्यात मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला युनेस्कोची मान्यता मिळाल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. बातमी अर्धवट होती. ती युनेस्कोची जागतिक यादी नव्हती. जर्मनीने आपल्या देशापुरती ठेवलेली अमूर्त वारशाची यादी होती. पण असला बारकावा मथळ्यात मावत नाही, आणि लोक वाचतात मथळाच.

दुसरा प्रश्न खास आपल्याकडचा. "अहो, पण हे सगळं आधी मुंबईत झालं होतं म्हणे?" या माणसाच्या फोनवर कुठून तरी निरोप आलेला असतो, की चरणजित सिंग नावाच्या एका वादकाने १९८२ सालीच हे संगीत करून ठेवलं आणि गोऱ्यांनी त्याचं श्रेय लाटलं.

दोघांनाही जाणकार एकच उत्तर देतात : डेट्रॉईट. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं मोटारींचं शहर. हे उत्तर बरोबर आहे, असं माझंही मत आहे. पण ते का बरोबर, हे सांगायचं तर जर्मनी, जपान, शिकागो आणि मुंबई या सगळ्यांचा हिशेब मांडावा लागतो. नुसतं शहराचं नाव घेऊन भागत नाही.

२. सोळा बटणांची ओळ

आधी टेक्नो कशाला म्हणायचं ते पाहू. कुठलीही रचना लावा, सगळ्यात आधी जाणवतो तो खालचा, थेट छातीत बसणारा बेस ड्रमचा ठोका. मिनिटाला साधारण १२५ ते १५० वेळा पडणारा. त्याच्या वर झांजेसारखे बारीक धातूचे आवाज. गायन जवळजवळ नाहीच. असलंच तर एखादा तुटक शब्द पुन्हा पुन्हा येतो. चार-सहा सुरांची एखादी आकृती सुरू होते आणि तीच ती फिरत राहते. हळूहळू तिचा आवाज उजळतो, खरखरीत होतो, विरतो. सूर मात्र तेच.

तबल्याशी थोडी ओळख असेल, तर याचा सांगाडा चटकन कळतो. त्रितालाच्या मात्रा सोळा. रोलंड कंपनीच्या जुन्या ड्रम मशीनवरही एका ओळीत सोळा बटणं असतात. त्रितालाचे चार विभाग १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर सुरू होतात. टेक्नोत बेस ड्रम नेमका याच चार जागी पडतो. त्रितालात ५ आणि १३ वर टाळी असते. ड्रम मशीनवरही बहुतेक वेळा याच दोन जागी टाळीचा आवाज टाकतात. मग ३, ७, ११ आणि १५ वर हाय-हॅट, म्हणजे त्या बारीक झांजा. एवढी बटणं दाबा, मशीन सुरू करा. प्राथमिक ठेका तयार.

फरक मात्र मोठा आहे. त्रितालात नवव्या मात्रेला काल येतो, डग्ग्याचे घुमारदार बोल थांबतात आणि सम जवळ येत असल्याची चाहूल लागते. टेक्नोला काल नाही. चारही ठोके सारख्याच वजनाचे, त्यामुळे समेवर येण्याची ओढच शिल्लक राहत नाही. शास्त्रीय संगीतावर वाढलेल्या कानाला हे कंटाळवाणं वाटतं ते याचमुळे.

एक छोटं गणित करू. वेग मिनिटाला १३० ठोक्यांचा धरला, तर दोन ठोक्यांमध्ये सुमारे ०.४६ सेकंद जातात. सोळा बटणांचं एक आवर्तन १.८५ सेकंदांत संपतं. सहा मिनिटांच्या रचनेत बेस ड्रम ७८० वेळा पडतो आणि आवर्तनं होतात १९५. माणूस हे वाजवू शकतो. पण सातशेऐंशीवा ठोका पहिल्याइतकाच कोरडा आणि अचूक ठेवू शकत नाही. तो कोरडेपणा हे टेक्नोचं व्यंग नव्हे, तोच त्याचा मुद्दा आहे.

आता पेच असा, की नुसत्या ठेक्यावर बोट ठेवलं तर सत्तरच्या दशकातला डिस्कोही टेक्नोत बसतो. शिकागोचं हाऊस संगीत तर बसतंच. म्हणून व्याख्येत आणखी एक गोष्ट हवी. डिस्को आणि हाऊसमध्ये यंत्र गाण्याच्या सेवेत असतं. गायिका गाते, यंत्र साथ करतं. टेक्नोत यंत्राला यंत्र म्हणून पुढे आणलेलं असतं.

उगम शोधताना मी एक कसोटी लावणार आहे, ती इथेच सांगून ठेवतो. दोन रचना सारख्या वाटल्या म्हणून त्यांचं नातं ठरत नाही. कुणी कुणाचं ऐकलं, कुठे ऐकलं आणि त्यातून पुढे काय केलं, हे दाखवता आलं पाहिजे.

३. खपली नाहीत म्हणून

टेक्नोचा खरा बाप जपानी अभियंता, असं म्हणणारेही आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. रोलंडने १९८० साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन बाजारात आणलं. त्या सुमारास अमेरिकेत मिळणाऱ्या लिन एलएम-१ या मशीनमध्ये खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते आणि किंमत होती ५,००० डॉलरच्या घरात. ८०८ हजार-बाराशे डॉलरला मिळे, पण त्यातले आवाज विजेच्या मंडलांतून तयार केलेले, खऱ्या ड्रमशी फारसं साम्य नसलेले. व्यावसायिक वादकांनी नाकं मुरडली. १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं, तोवर जेमतेम बारा हजार मशीन बनली होती.

पाठोपाठ टीबी-३०३ आलं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. ते बेस गिटारसारखं वाजेना, आणि त्यात सूर भरण्याची पद्धत इतकी किचकट की लोकांनी हात टेकले. तेही १९८४ मध्ये बंद.

पुढचं सगळं या अपयशातून घडलं. न खपलेली ही यंत्रं जुन्या वाद्यांच्या दुकानांत आणि गहाणवटीच्या पेढ्यांवर स्वस्तात पडून राहिली, आणि ज्यांना नवं काही परवडत नव्हतं अशा पोरांच्या हाती लागली. त्यांना खऱ्या बेस गिटारचा आवाज नकोच होता.

तरीही यंत्र बनवणाऱ्याला मी संगीताचा जनक म्हणणार नाही. टीबी-३०३ आणि ८०८ नंतरचं ड्रम मशीन टीआर-९०९ घडवणाऱ्या तादाओ किकुमोतो यांच्या मनात यातलं काही नव्हतं. जपानमध्येही यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने १९७९ साली 'टेक्नोपोलिस' नावाची रचना केली होती, १९८१ मध्ये 'टेक्नोडेलिक' नावाची तबकडी काढली होती. नावं ऐकून दचकायला होतं. पण ते चतुर, चमकदार पॉप संगीत होतं.

४. ड्युसेलडॉर्फ आणि म्युनिक

जर्मनीचा दावा याहून वजनदार आहे. १९७० साली ड्युसेलडॉर्फमध्ये राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी क्राफ्टवेर्क हा गट सुरू केला. १९७४ मध्ये 'आउटोबान' आलं, १९७७ मध्ये 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस', पुढच्या वर्षी 'द मॅन-मशीन' आणि १९८१ मध्ये 'कॉम्प्युटर वर्ल्ड'. चौघे जण सूट-टाय घालून यंत्रांमागे पुतळ्यासारखे उभे राहत आणि महामार्ग, रेल्वे, संगणक यांवर गात. त्याआधी सिंथेसायझर वापरणारे पुष्कळ होते. संपूर्ण गटच यंत्रांचा, आणि त्याची लाज नाही, हा पवित्रा त्यांचा.

त्याच १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलट यांनी डोना समरसाठी 'आय फील लव्ह' ध्वनिमुद्रित केलं. मोरोडर मूळचा इटलीच्या दक्षिण टिरोलचा, समर बॉस्टनची. जवळजवळ सगळं गाणं मूग सिंथेसायझरवर बांधलेलं. त्यातला बेस ड्रम मात्र माणसाने वाजवला आहे. कीथ फोर्सी या ड्रमवादकाने. मूगमधून हवा तसा ठोका निघेना, म्हणून एका माणसाला स्टुडिओत बसवून यंत्रासारखं वाजवायला लावलं! सहा मिनिटं त्याने काय भोगलं असेल ते तोच जाणे.

मग टेक्नो जर्मन का नाही? एक तर क्राफ्टवेर्कचं संगीत ऐकण्याचं होतं. रात्रभर न तुटणाऱ्या नाचासाठी ते रचलेलं नव्हतं. दुसरं म्हणजे धागा मागे ओढत नेला तर तो जर्मनीतच थांबत नाही. क्राफ्टवेर्कचा कार्ल बार्टोस याने अमेरिकी सोल संगीत, डेट्रॉईटचं मोटाउन आणि जेम्स ब्राउन यांचं प्रेम उघडपणे सांगितलं आहे. त्यांच्या ताठ ठेक्याखाली जो लवचिकपणा जाणवतो तो तिथून आलेला. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू होती.

५. बेलव्हिलची पोरं

डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, १९८० मध्ये बारा लाख. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर यांच्या कारखान्यांनी शहर उभं केलं. दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना त्यांनी पगार दिला, घरं दिली. पुढे कारखाने उपनगरांत आणि परराज्यांत गेले, गोरी वस्तीही निघून गेली. जुलै १९६७ च्या वांशिक उद्रेकात ४३ माणसं मेली. मोटाउन ही संगीत कंपनी, जिच्या संस्थापकाने, बेरी गॉर्डीने, स्वतः मोटारीच्या कारखान्यात काम केलं होतं, तीसुद्धा १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेली. उरलेल्या कारखान्यांत यंत्रमानव येऊ लागले.

अशा शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर बेलव्हिल हे गाव. तिथल्या शाळेत, बहुतांशी गोऱ्या मुलांमध्ये, तीन कृष्णवर्णीय मुलं एकमेकांना भेटली : ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन. तिघांमध्ये ॲटकिन्स थोरला आणि गुरुस्थानी. त्याच्या आजीकडे हॅमंड ऑर्गन होता. वाद्यांच्या दुकानात आजीबरोबर जाता जाता पोराचं मन सिंथेसायझरवर बसलं, आणि आजीने त्याला कॉर्ग एमएस-१० घेऊन दिला. ड्रम मशीन नव्हतं. मग त्याने त्या सिंथेसायझरमधूनच ड्रमसारखे आवाज काढले, ते एका कॅसेटवर घेतले, ती कॅसेट वाजवत त्यावर पुढचा आवाज दुसऱ्या कॅसेटवर घेतला, आणि असे थर चढवत गेला. प्रत्येक थरागणिक टेपची खरखर वाढत जाणार. तरीही घरातल्या घरात एकट्याने अख्खा वाद्यवृंद उभा करता येतो, हे त्याला तिथे कळलं.

या मुलांच्या कानात क्राफ्टवेर्क शिरलं कुठून? रेडिओवरून. चार्ल्स जॉन्सन हा निवेदक इलेक्ट्रिफाइंग मोजो या नावाने रात्री कार्यक्रम करी. चेहरा कुणाला दाखवत नसे. अंतराळयान उतरतंय अशा थाटात कार्यक्रम सुरू होई. ऐकणाऱ्यांनी ओसरीचे दिवे लावावेत, मोटारीतून हॉर्न वाजवावेत, असं तो सांगे आणि शहरभर लोक तसं करत. अमेरिकेत तेव्हा गोऱ्यांचं संगीत वाजवणारी केंद्रं वेगळी आणि काळ्यांची वेगळी. मोजोने ही भिंत मानली नाही. जॉर्ज क्लिंटनचा पार्लमेंट-फंकाडेलिक, प्रिन्स, बी-५२'ज् आणि क्राफ्टवेर्क, सगळं एका रात्रीत, एकामागून एक. कसोटी लावायची तर इथे ती नेमकी लागू पडते : कुणी कुणाचं ऐकलं, कुठे ऐकलं, हे या एका माणसाच्या कार्यक्रमापाशी येऊन दाखवता येतं.

शाळा संपवून ॲटकिन्स कॉलेजात गेला. तिथे त्याला रिचर्ड डेव्हिस भेटला. व्हिएतनाममध्ये लढून आलेला, वयाने बराच मोठा, सिंथेसायझरांचा वेडा. दोघांनी सायबोट्रॉन नावाने १९८१ मध्ये 'ॲलीज ऑफ युअर माइंड' काढलं, १९८३ मध्ये 'क्लिअर', १९८४ मध्ये 'टेक्नो सिटी'. हा 'टेक्नो' शब्द ॲटकिन्सने घेतला तो ॲल्व्हिन टॉफलरकडून. टॉफलरच्या 'द थर्ड वेव्ह' या १९८० च्या पुस्तकात, तंत्रज्ञान नाकारायचं नाही पण त्याचा लगाम आपल्या हाती ठेवायचा, असं मानणाऱ्यांना 'टेक्नो-बंडखोर' म्हटलं आहे. ज्याच्या शहरातल्या माणसांच्या नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या, त्या मुलाला ही कल्पना का भिडली असेल, हे वेगळं सांगायला नको.

डेव्हिसला गिटार-रॉककडे जायचं होतं, म्हणून ॲटकिन्स वेगळा झाला. १९८५ मध्ये त्याने मेट्रोप्लेक्स ही स्वतःची कंपनी काढून मॉडेल ५०० या नावाने 'नो यूएफओज' प्रसिद्ध केलं. डेरिक मेची आई शिकागोला राहायला गेली होती. तिच्याकडे जाता-येता त्याला तिथल्या क्लबांत फ्रँकी नकल्सचं हाऊस संगीत ऐकायला मिळालं, आणि न थांबणारा ठोका तो तिथून घेऊन आला. त्याच्या ट्रान्समॅट या कंपनीतून १९८७ मध्ये आलेलं 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' ऐका. मायकल जेम्सच्या पियानोचे तुकडे घेऊन बांधलेली ही रचना. नाचाची रचना असून तिला बेसलाइनच नाही, तरी पाय थांबत नाहीत. सॉन्डरसनने इनर सिटी या नावाने 'बिग फन' केलं, ते १९८८ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं.

जॉर्ज क्लिंटन आणि क्राफ्टवेर्क एका लिफ्टमध्ये अडकले तर जे होईल ते आमचं संगीत, अशा आशयाचं डेरिक मेचं एक विधान टेक्नोवरच्या प्रत्येक लेखात असतं. चटपटीत आहे, पण त्यात मोजो नाही, शिकागो नाही आणि आजीने घेतलेला सिंथेसायझरही नाही. अशी वाक्यं लक्षात राहतात आणि म्हणूनच इतिहासाचं नुकसान करतात.

६. बारसं कुणी केलं?

१९८८ साली बर्मिंगहॅमच्या नील रश्टनने डेट्रॉईटच्या या रचनांचा संग्रह ब्रिटनमध्ये काढायचं ठरवलं. हाऊसची हवा होती, म्हणून नाव ठरत होतं 'द हाऊस साउंड ऑफ डेट्रॉईट'. ॲटकिन्सने संग्रहासाठी दिलेल्या रचनेचं नाव होतं 'टेक्नो म्युझिक'. मग शीर्षकच बदललं : 'टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉईट'. जगाला या प्रकाराचं नाव कळलं ते या तबकडीमुळे.

फ्रँकफर्टला हे मान्य नाही. तिथल्या मुख्य रेल्वे स्थानकातल्या तबकड्यांच्या दुकानात आंद्रेआस टोमाला हा तरुण कामाला होता; पुढे तो टाला टूएक्सएलसी म्हणून गाजला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याने सिंथेसायझरवरचं सगळं संगीत, क्राफ्टवेर्क, डेपेश मोड, न्यू ऑर्डर, एका खणात लावून वर 'टेक्नो' अशी पाटी लावली. १९८४ मध्ये त्याने 'टेक्नोक्लब' सुरू केला. दावा खोटा नाही. फक्त त्या खणातलं संगीत आणि आपण आज ज्याला टेक्नो म्हणतो ते, या निराळ्या वस्तू. बेल्जियमच्या फ्रंट २४२ सारख्या गटांचं लष्करी थाटाचं, गायक असलेलं संगीत त्या पाटीखाली प्रामुख्याने येई.

जाता जाता गोव्याचा उल्लेख करायला हवा. ऐंशीच्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर डीजे लोक दोन कॅसेट डेक ठेवून याच युरोपीय तबकड्यांमधलं गायन कापून टाकत आणि उरलेला ठेका रात्रभर लांबवत. त्यातून पुढे गोवा ट्रान्स निघालं. ते टेक्नोचं चुलत भावंड; त्याची कथा स्वतंत्र आहे.

७. मुंबईचा दावा

आता चरणजित सिंग. हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. गिटार, बेस, सिंथेसायझर अशी बरीच वाद्यं त्यांच्या हातात बसलेली. नवीन वाद्य आलं की ते मिळवायची हौस. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली, नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग. वाद्यं तीन : रोलंडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. जी दोन यंत्रं पुढे अमेरिकेत इतिहास घडवणार होती, ती दोन्ही!

ती ऐकताना पहिल्यांदा विश्वास बसत नाही. बेस ड्रम चारही जागी सारखा पडतोय, खाली टीबी-३०३ घरंगळतंय आणि वर सिंथेसायझरवर तोडीच्या ताना सुटताहेत. टीबी-३०३ च्या आवाजावर उभ्या असलेल्या ॲसिड हाऊस या प्रकाराची पहिली मानली जाणारी रचना, शिकागोच्या फ्यूचर या गटाचं 'ॲसिड ट्रॅक्स', १९८७ ची, म्हणजे पाच वर्षं नंतरची. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. शिकागोच्या पोरांना त्यातून चित्रविचित्र आवाज मिळाले. मींड ज्याच्या कानात मुरलेली आहे, त्या वादकाला मात्र हे यंत्र पाश्चात्त्य कीबोर्डपेक्षा जवळचं वाटलं असणार, असा माझा अंदाज आहे. कीबोर्डवर सूर तुटतात. इथे ते जोडले जातात.

त्या काळी तबकडी फारशी खपली नाही. १९८० च्या 'कुर्बानी'नंतर डिस्कोची लाट होती खरी, पण लोकांना गाणी हवी होती. डिस्कोवर वाजणारा मालकंस ना इकडच्यांना रुचला ना तिकडच्यांना. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती पडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली. युरोपात खळबळ उडाली. कुणा आधुनिक कलावंताने केलेली ही थट्टा आहे, असा संशयही काहींनी घेतला. सत्तरी गाठलेल्या सिंगांनी मग युरोपच्या रंगमंचांवर तेच राग वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग टेक्नो मुंबईचं का म्हणू नये? कसोटी तीच. शिकागोत किंवा डेट्रॉईटमध्ये ही तबकडी कुणी ऐकली होती, याचा काही पुरावा नाही. मुंबईतही तिच्यामागे कुणी गेलं नाही. सारखीच यंत्रं आणि त्याच सुमाराचा डिस्को हाती आल्यावर दोन ठिकाणी मिळतंजुळतं काही निघालं, एवढाच त्याचा अर्थ. "आपलं आधी होतं" म्हणून छाती फुगवणाऱ्यांना हे रुचत नाही. मला मात्र यात सिंगांचा मोठेपणा कमी होताना दिसत नाही. ते कुणाचे पूर्वज नसतील; पण ललत आणि टीबी-३०३ एकत्र आणण्याचं धाडस त्यांनी कुणाच्या पाठबळाशिवाय केलं. त्यांना "ॲसिड हाऊसचे जनक" म्हणणं म्हणजे त्यांनी खरोखर जे केलं, यंत्रावर राग मांडण्याचं काम, ते बाजूला सारून त्यांना दुसऱ्यांच्या वंशावळीत कोंबणं.

८. बर्लिनची तिजोरी

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली. शहराच्या पूर्व भागात कारखाने, गोदामं, तळघरं रिकामी पडलेली. मालक कोण ते कुणालाच धड माहीत नाही. अशाच एका जागी, युद्धापूर्वीच्या वेर्टहाइम या भव्य दुकानाच्या तिजोरीघरात, दिमित्री हेगेमान आणि त्याच्या साथीदारांनी मार्च १९९१ मध्ये क्लब उघडला. नावच ट्रेझर, म्हणजे तिजोरी. गंजलेल्या लॉकरांच्या रांगा तशाच ठेवल्या होत्या. पूर्व आणि पश्चिमेची मुलं, दोन वर्षांपूर्वी एकमेकांना भेटूही न शकणारी, तिथे एकत्र नाचू लागली. शब्द नसलेलं संगीत या कामाला सोयीचं होतं.

आणि ट्रेझरने वाजवलं काय? डेट्रॉईट. माइक बँक्स, जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड यांचा अंडरग्राउंड रेझिस्टन्स हा गट, तेव्हा डेट्रॉईटची दुसरी पिढी, बर्लिनला आला. ट्रेझरच्या स्वतःच्या कंपनीची पहिली तबकडी त्यांचीच होती, एक्स-१०१ या नावाने. म्हणजे बर्लिनने टेक्नो आणलं ते उघडपणे, नाव सांगून. पुढे या संगीताभोवती क्लब, उत्सव, पर्यटन असा मोठा व्यवसाय उभा राहिला. अमेरिकेत कृष्णवर्णीय तरुण हिप-हॉपकडे वळले होते, रेडिओला टेक्नो नको होतं. डेट्रॉईटचे कलावंत पोट भरायला युरोपात जाऊ लागले. पैसा जिथे, इतिहासही तिथलाच लिहिला जातो, हा जुनाच अनुभव.

म्हणून २०२४ च्या यादीवरून डेट्रॉईटकर चिडले, तर त्यात नवल नाही. बर्लिनच्या क्लब-संस्कृतीला वारसा म्हणण्यात काही चूक नाही. ती खरोखर तिथे घडली आहे. राग येतो तो संगीत आणि संस्कृती यांतला फरक मथळ्यात पुसला जातो तेव्हा. २०२२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये आधुनिक इलेक्ट्रॉनिक संगीताचं संग्रहालय उघडलं, तेव्हाही कुरबुर झालीच. त्याच वर्षी डीफॉरेस्ट ब्राउन ज्युनिअर या अमेरिकी लेखकाने जाडजूड ग्रंथ लिहून टेक्नोची कृष्णवर्णीय मुळं ठासून मांडली. डेट्रॉईटमध्येही टेक्नोचं छोटं संग्रहालय आहे, एक्झिबिट ३०००. ते सरकारी पैशाने नव्हे, अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या मंडळींनी उभारलेलं.

९. घरातला वाद

श्रेय डेट्रॉईटला दिलं म्हणजे भांडण संपलं, असं मात्र नाही. ते घरात सुरू होतं. 'बेलव्हिलचे तिघे' हे नाव एडी फाउल्क्सला मान्य नाही. तोही पहिल्यापासून बरोबर होता आणि १९८६ मध्ये मेट्रोप्लेक्समधूनच त्याचं 'गुडबाय किस' आलं होतं. या सगळ्यांच्या आधीपासून समलिंगी मंडळींच्या क्लबांत तबकड्या वाजवणारा आणि तरुणांना शिकवणारा केन कॉलिअर तर पुस्तकांत चार ओळींपलीकडे जात नाही. केली हँड ही कितीतरी वर्षं डीजे आणि संगीतकार म्हणून काम करत राहिली, स्वतःची कंपनी चालवली. शहराच्या परिषदेने तिचा गौरव केला तो २०१७ मध्ये.

पहिली तबकडी कुठली, यावरही एकमत नाही. १९८१ मध्ये 'ॲलीज ऑफ युअर माइंड' आलं, त्याच वर्षी अ नंबर ऑफ नेम्स या गटाचं 'शरेवारी' आलं. शहराच्या शाळकरी मुलांमध्ये तेव्हा पार्ट्या भरवणारे गट होते. युरोपीय कपडे, इटालियन डिस्को, फ्रेंच वाटणारी नावं, सगळा थाट परदेशी. त्यांतल्या एका गटावरून हे नाव घेतलं, स्पेलिंग थोडं बदलून. ठेक्याच्या दृष्टीने पाहिलं तर 'शरेवारी' आजच्या टेक्नोला जास्त जवळचं आहे. त्यात नाचाचा तो सरळ ठोका आहे, जो सायबोट्रॉनच्या सुरुवातीच्या तबकड्यांत नाही. माझा कौल तरीही ॲटकिन्सला. 'शरेवारी'च्या गटाचं नाव मुख्यतः त्या एका तबकडीपुरतं राहिलं. ॲटकिन्सने कंपनी काढली, मित्रांना यंत्रं हाताळायला शिकवलं, संगीताला नाव दिलं. मुंबईच्या तबकडीला जी कसोटी लावली तीच इथेही लावायला हवी, मग निकाल आपल्याला आवडो न आवडो. डेट्रॉईटमध्ये मात्र 'शरेवारी'ची बाजू घेणारे आजही आहेत, आणि ते तुम्हाला आधी ती तबकडी ऐकवतील, मगच वाद घालतील.